भिंतीवरची तिखट बोटं

गेरू आणि तिखट यांत फरक असतो हे मला माहीत आहे. पण अंधाऱ्या फळीवर दोन्ही एकसारख्या मडक्यांत ठेवली तर माणसानं काय करावं? वास घ्यावा, असं मागाहून आमच्या घरातून मत पडलं. आता नंदुरबारात मिरचीच्या हंगामात वास कसला घेता! खळ्यांवरून वारा सुटला की अख्खं गाव शिंकतं. त्या दिवसांत नाक फक्त गळण्यापुरतं असतं. तेव्हा हाताला आलं ते मडकं उचलून मी मोठ्या रुबाबात परसात आलो.

परसात दोघं जण वाट पाहत होते. एक माझे सासरे, धानोऱ्याहून बैलगाडी घेऊन आलेले. दुसरा त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, आमच्याकडे राहून शाळा शिकणारा. सासरे त्याला मिरची तोडायला न्यायला आले होते. त्याला जायचं होतं धुळ्याला, उंच उडीच्या सामन्यांना, दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं. शाळेत ड्रिल मी शिकवत असे, त्यामुळे त्याला निवडलंही मीच होतं. आणि सासऱ्यांची शंका नेमकी तिथंच होती.

"साला तुम्हना, निवडनारा बी तुम्हीच," ते म्हणाले. "मी बैल लेस तं पहिले त्याना पाय देखस."

"मग पाय दाखवतो, मामा," मी म्हटलं.

पायांतला जोर जोखायची एक युक्ती मी ड्रिलच्या शिबिरात शिकून आलो होतो. भिंतीला खांदा लावून उभं राहायचं, हात ताठ वर करून रंगलेल्या बोटांची खूण उमटवायची. मग पळत न येता, जागच्या जागीच गुडघे मोडून उडी मारायची आणि वर दुसरी खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पायांचा जोर. माणूस उंच का ठेंगणा, याला महत्त्व नाही. मेहुणा ठेंगणाच होता, म्हणून ही युक्ती मला विशेष आवडली होती. भिंत दिवाळीत चुन्यानं पांढरीफेक झालेली, तिच्यावर खडू कसा दिसणार? म्हणून गेरू. म्हणजे ते मडकं.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुंडासं सारखं करत म्हणाले, "मंग पहिले तुम्हीच मारा उडी, जावाईबापू. गुरूनं माप तं कळू द्या."

त्या काळात माझं पोट माझ्या आधी वर्गात शिरत असे. पण बायकोचा बाप समोर उभा असताना पोटाचं कोण ऐकतो? मी बोटं ओली करून मडक्यात बुडवली, खालची खूण केली, गुडघे मोडले आणि उडालो. माझ्या हिशेबानं चांगलाच उडालो.

सासरे भिंतीजवळ वाकले. "खुना दोन शेतस का एकच?"

मी ऐटीत कपाळाचा घाम पुसला. पुसता पुसता बोटं डोळ्यांवरून गेली. पुढचं काय सांगावं! परसात मी असा गरगर फिरलो की तेवढा उडीत वर गेलो असतो तर धुळ्याला मीच निघालो असतो.

"अहो, हारनात म्हनीसन कोनी इतलं रडस का?" असं म्हणत सासऱ्यांनी मला धरलं आणि रांजणापाशी नेऊन डोळ्यांवर पाणी मारायला लागले. नेमक्या त्याच वेळी मेहुण्यानं आपली खालची खूण करून उडी मारली. धप्प आवाज मी ऐकला. बघितलं मात्र कोणीच नाही.

गोंधळ ऐकून बायको बाहेर आली. आधी तिला मडकं दिसलं, मग भिंत.

"मन्हं तिखट! आनि मन्ही भिंत!" ओलं फडकं घेऊन तिनं माझ्या दोन्ही खुणा पुसल्या, त्यांच्या शेजारची भावाची खालची खूणही पुसली. "पुसू नको, पुसू नको!" मी डोळे मिटून ओरडत होतो, पण ज्या दिशेला ओरडत होतो तिकडे म्हैस बांधलेली होती.

"मारी मी उडी, बा," मेहुणा म्हणाला.

"मी देखं नही." सासऱ्यांनी गाडीकडे बोट केलं. "चाल, बैल खोळंबनात."

पोरगा तिखटाची बोटं अंगापासून लांब धरून उभा राहिला. बापाला उलट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती.

"बा," बायकोनं हातातलं फडकं पिळलं. तिचा राग अजून उतरला नव्हता. "वर देखा जरा. तठे मन्हा हात पोचना नही, म्हनीसन ऱ्हायनं ते."

सासऱ्यांनी मान वर केली. मीही एक डोळा उघडला. पांढऱ्या चुन्यावर लालभडक पाच बोटं, पार वळचणीजवळ. सासरे धानोऱ्यात सगळ्यांत उंच. त्यांनी हात लावून पाहिला. मग टाचा उचलल्या. मुंडासं घसरून मागं पडलं, तरी बोटं खालीच राहिली. त्यांनी मुलाला दंडाला धरून त्या खुणेखाली उभं केलं. तो त्यांच्या मिशांपर्यंतच आला. बराच वेळ ते एकदा मुलाकडे आणि एकदा वर पाहत राहिले.

"मिरचीनं झाड कंबरइतलंच ऱ्हास," शेवटी ते मुंडासं उचलत म्हणाले. "इतली उडी वावरमा वाया जाई. जाऊ दे याले."

सकाळच्या मोटारीनं मेहुणा धुळ्याला गेला. सासरे एकटेच गाडी हाकत धानोऱ्याला परतले. जाताना वेशीपर्यंत मागं वळून हसत होते म्हणे. का ते मी विचारलं नाही.

ती वरची खूण तेवढी राहिली होती. बायकोची भिंत आपण खराब केली, तर आपणच साफ करावी, असं मनात आणून मी ओलं फडकं घेतलं, गुडघे मोडले आणि उडालो. मग पुन्हा उडालो. फडक्याचं पाणी तेवढं माझ्या डोक्यावर पडलं. मागं वळलो तर बायको दारात उभी, तोंडाला पदर लावून.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "भाऊ येई आनि तोच पुसी. तुम्ही आखो कुदनात तं माले परस नव्यानं सारवनं पडी."