कांता सिस्टरची बदली आली नाही

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. अकोले तालुक्यातल्या एका वसतिगृहात कोविड सेंटर उघडलं होतं. तिथल्या सिव्हिलियन स्टाफला मदत करायला आमची छोटी टीम गेली. मी, हवालदार जाधव आणि दोन जवान.

वॉर्ड कांता सिस्टरकडे होता. कंत्राटी नर्स, तालुक्यातलीच. तिनं राजीनामा दिला होता. घरी लहान मुलगी होती, आणि गावानं घर वाळीत टाकल्यासारखं केलं होतं.

"मागल्या साली आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या, मॅडम. आता त्याच थाळ्या धुवायला नळावर पाणी भरू देत न्हाईत."

त्या दिवशी तिची शेवटची ड्यूटी होती. दुपारी शिफ्ट संपली, पण बदलीची नर्स आली नाही. ती स्वतःच पॉझिटिव्ह निघाली होती. तेवढ्यात वॉकी-टॉकीवर जाधव बोलला.

"मॅडम, ऑक्सिजन प्रेशर डाऊन. नवे सिलिंडर जोडतोय. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"दहा मिनिटं."

पालथं झोपवलं की फुफ्फुसाला थोडी जास्त हवा मिळते. मी हुकूम दिला, सगळ्या पेशंटना पालथं करा. मग कांताकडे वळले. "तुमची ड्यूटी संपलीय. घरी जा."

"तुमच्या फौजेत बदलीचा मानूस आल्याबिगर पोस्ट सोडत्यात का?"

"नाही."

"मग आमीच सोडायची व्हय?"

खिडकीजवळची आजी ऐकेना. "पालथं कोन निजतं गं? मी काय तान्हं लेकरू हाय?"

"आजी, मेल्यावर उताणंच निजायचंय. आत्ता व्हा पालथ्या," कांता म्हणाली.

आजी त्या अवस्थेत हसली आणि वळली. प्रेशर आलं. त्या दुपारी एकही पेशंट गेला नाही.

नंतर जिन्यात बसून कांता म्हणाली, "मॅडम, ह्या कामाचा मला कंटाळा न्हाई आला. एकटीनं करायचा आलाय."

बदली दुसऱ्या दिवशीही आली नाही, तिसऱ्याही. कांता येत राहिली. मग तिला ताप आला. तिच्याच वॉर्डात ती दाखल झाली आणि तिथंच गेली.

फौजेतल्या माझ्या कमिशनची मुदत संपल्यावर मी वाढवून घेतली नाही. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. "या लाइनमध्ये यावं का?" असं त्या विचारतात. "या," मी म्हणते. पण कुणी योद्धा म्हणून हार घातला, तर हार काढून आधी विचारा, माझ्या जागी पुढच्या शिफ्टला कोण येणार? जवानाला बदलीचा माणूस न देता पोस्टवर विसरून जाणाऱ्या अफसराची चौकशी होते. कांताला विसरणाऱ्यांची झाली नाही.

कांता गेली त्या दिवशी तिला न्यायला अँब्युलन्स आली तेव्हा जाधव आणि मी पीपीई किटमध्येच दाराशी होतो. डोक्यावर कॅप नसली की फौजेत सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभे राहतात.

जाधवनं हळूच विचारलं, "मॅडम, सिव्हिलियन हायेत त्या. चालंल?"

"सावधान!" मी म्हणाले.

अँब्युलन्स फाटकाबाहेर वळून दिसेनाशी झाली, तरी मी 'विश्राम' म्हटलं नाही. जाधवही हलला नाही.