अंगठा चोखणारा पाइप

आमच्या घरात भूत-प्रेत, अंगारे-धुपारे यांना कधीच थारा नव्हता. रोज संध्याकाळी बुद्धवंदना, बाकी कोणी बाहेरचं-बिहेरचं बोललं की वडील सरळ हसायचे. मीही तसाच. म्हणून हे इथे लिहायला बरेच महिने लागले.

आम्ही मूळचे वर्ध्याचे, नोकरीमुळे लखनौत. सरोजिनी नगरमध्ये, कानपूर रोडपासून जरा आत घर आहे. मी, बायको संगीता, कॉलेजात जाणारी प्राची आणि माझी आई. गाडी डिझेल, सेकंड-हँड.

मे महिन्यातला शनिवार. आलमबागहून परतताना ब्रेकचं पेडल एकदम दगडासारखं कडक झालं. समोर शाळेच्या पोरांनी भरलेली ई-रिक्षा! दोन्ही पायांनी पेडल दाबलं, तेव्हा हातभर अंतरावर गाडी थांबली. कशीबशी घरी आणली. बॉनेट उघडलं तर व्हॅक्यूम पाइप उंदराने कुरतडलेला. डिझेल इंजिनाला हवा ओढणारा एक छोटा पंप असतो, त्याच्यापासून ब्रेकपर्यंत हा रबरी पाइप जातो. तो फाटला की ब्रेक लागता लागत नाही.

सोमवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि आमचा मेकॅनिक गावी गेलेला. म्हटलं, आपणच करू. रविवारी सकाळी आलमबागहून नवा पाइप आणि क्लिपा आणल्या, फाटलेला भाग कापून टाकला. नवा तुकडा जोडण्याआधी पंप ओढतोय का ते बघायचं होतं. संगीताला स्टेअरिंगवर बसवलं. तिने इंजिन सुरू केलं आणि मी पंपाकडच्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला.

ओढ मस्त होती. मी म्हटलं, "बंद कर."

इंजिन बंद झालं. ओढ थांबली नाही.

पाइपमध्ये थोडी ओढ उरते, मलाही माहीत आहे. पण ती हळूहळू संपते. ही थांबून थांबून येत होती. ओढायची... मग जरा सैल... मग परत. आणि पाइपची कड गरम झाली. रबर तापतं तशी नाही — ओली, मऊ, अंगातल्यासारखी गरम. मग अंगठ्याखालून काहीतरी खरखरीत फिरलं.

जीभ. दुसरा शब्दच नाही माझ्याकडे.

"संगीता, गाडी बंद केलीस ना?"

"अहो, चावी माझ्या हातात आहे!"

मी अंगठा ओढला तर निघेना. जोर लावला तेव्हा 'चप्प' असा आवाज झाला आणि पांढुरकी, चिकट तार अंगठ्यापासून पाइपपर्यंत लोंबली. ऑइल असेल म्हणून नाकाशी नेलं. तान्हं बाळ दूध ओकतं ना, तो आंबूस वास. मी तिथेच नालीच्या कडेला ओकलो.

संगीताचा विश्वास बसेना. "काहीतरीच!" म्हणत तिने करंगळी टेकवली आणि किंचाळून हात झटकला. "शी! अहो, हे चोखतंय!" आणि ती अंगणातल्या नळाखाली हात घासतच राहिली, कातडी लाल होईपर्यंत. प्राची दारातून ओरडत होती, "पापा, छोड़ दो यार! कैब कर लेंगे कल!"

आवाज ऐकून आई भिंतीला धरत बाहेर आली. तिला नीट दिसत नव्हतं. मी अडवायच्या आत तिने चाचपडत पाइप पकडला आणि त्यावर बोट ठेवलं. चेहऱ्यावर भीती नाही, फक्त किळस. तिने बोट सोडवलं, पदराला पुसलं.

"भूत-गीत काही नसते रे," ती म्हणाली. "पण हे तोंड आहे. मी चार लेकरं पाजली, मले नको शिकवू."

उघडं ठेवायची माझी हिंमत नव्हती. रबरी हातमोजे घालून, श्वास रोखून नवा तुकडा जोडला, क्लिपा आवळल्या. बसवताना तो पाइप हातात दोनदा आक्रसला. पेडल मात्र लोण्यासारखं हलकं झालं होतं.

सोमवारी आम्ही कॅबनेच गेलो. आईचं ऑपरेशन छान झालं. पुढच्या आठवड्यात मेकॅनिकने पंप, पाइप, सगळंच बदललं. जुना पाइप उभा चिरून दाखवला. आत थोडं ऑइल आणि धूळ. "भैया, कुछ नहीं है इसमें," तो म्हणाला. ऑफिसातला एक इंजिनिअर मित्र म्हणतो, व्हॉल्व्ह अडकला असेल, हवा थांबून थांबून खेचली गेली असेल. असेलही. पण मग तिघांनाही तोंडच का वाटलं? तो वास कुठला?

गाडी आजही चालते, ब्रेक उत्तम. संगीताला आणि आईला नंतर काही झालं नाही. माझं मात्र त्या रविवारपासून एक सुरू आहे. सकाळी उठतो तेव्हा उजवा अंगठा पांढरा, सुरकुतलेला, पाण्यात भिजत ठेवल्यासारखा असतो. डॉक्टरांनी फंगस म्हणून मलम दिलं. झोपताना त्यावर कोरडी पट्टी बांधतो. सकाळी पट्टी ओलीचिंब असते आणि तिला दुधाचा आंबूस वास येतो. वरणभात आता चमच्याने खातो, तोही डाव्या हाताने.

का होतं, मला माहीत नाही. फक्त एवढं कळलंय की रात्री झोपेत अंगठ्याला जाणवणारी ओढ पूर्वीपेक्षा वाढली आहे... हल्ली नखही मऊ पडायला लागलंय.