पडेल गाण्याची तीन मिनिटं

"मी नाही थांबलो, तू थांबलास!"

"मी लोकांसाठी थांबलो."

"कुठले लोक? समोर खुर्च्या आहेत, महाराज!"

थोरला आणि धाकटा, दोघांनीही तालमीत रिकाम्या हॉलकडे माइक धरले होते. एकाच क्षणी. सव्वीस वर्षांनी दोघांचं जुळलेलं हे पहिलंच काही. 'पत्ता बदलला आहे' या त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्याची शेवटची ओळ मात्र कुणीच म्हटली नाही.

"म्हण की मग."

"तू म्हण. मुलाखतीत सांगत फिरतोस ना, ती ओळ माझी म्हणून?"

"लिहिली मी. पाठ कशाला करत बसू?"

खरं म्हणजे दोघांनाही ती आठवत नव्हती. हे काही सख्खे भाऊ नव्हेत. थोरला अकरा महिन्यांनी मोठा, एवढंच. पोस्टरवर नाव आधी कुणाचं, यावरून जोडी फुटली, आणि तेव्हापासून दोघं वेगवेगळे गात फिरले. शेवटची ओळ आली की माइक लोकांपुढे धरायचा, लोकांनी गळा काढायचा, यांनी डोळे मिटून भारावून जायचं. ओळ लोकांनी जपली, मालकांनी हरवली.

"'आणि तरी आम्ही तिथेच आहोत'," मागून आवाज आला.

"तेच म्हणत होतो मी!" दोघं एकदम म्हणाले.

मागच्या भिंतीशी, मिक्सरवर बसलेला तो कानसेन. नाव थोरल्यानेच ठेवलेलं. बापाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तारांना कथलाचे डाग देता देता हा या दोघांच्या माइकपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. माइक तपासताना इतरांसारखे आकडे म्हणत नसे. बायकोने खिशात कोंबलेली चिठ्ठी वाची. "साबण, काडेपेटी, अर्धा किलो साखर" अशी घोषणा होऊन कित्येक मैफली सुरू झाल्या. जोडी फुटल्यावर दोघांनी त्याला आपापल्याकडे ठेवून घेतलं. एका शनिवारी थोरल्याकडे, पुढच्या शनिवारी धाकट्याकडे.

"काय रे, त्याचा आवाज कसा आहे हल्ली?" दोघंही सहज विचारल्यासारखं विचारत.

"बसलाय," कानसेन दोघांनाही सांगे. दोघंही सुखाने जेवत.

पण गेल्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि थांबली तेव्हा कानच थांबला. उजवाही त्याच वाटेवर आहे, वर्षभर टिकला तर टिकला, असं डॉक्टर म्हणाले.

"अहो, सांगून टाका ना त्यांना," बायको म्हणाली.

"सांगितलं तर मिक्सरवर दुसरा बसेल. मला एकदा दोघांना एकत्र ऐकायचंय. एवढंच. मग सांगतो जगाला."

गाण्यांचा क्रम काही दोघांत ठरेना, म्हणून यादी कानसेनवर सोपवलेली. त्याने ती पुढे केली. सातव्या ओळीवर दोघांचे चष्मे अडले.

"'कुलूप'? अरे, ते माझ्या आईलाही आवडलं नव्हतं!"

"साफ पडलेलं गाणं ते. लोकांना येत नाही."

"म्हणूनच," कानसेन म्हणाला. "दादा, चाळीस वर्षांत काही मागितलं नाही. सातवं माझं."

दोघांनी आश्चर्यानेच माना डोलावल्या.

दुपारी चारला हॉल भरला. केस काळे केलेले जुने चाहते, त्यांनी ओढून आणलेली मुलं, आणि कौतुक म्हणजे मुलांनाही शब्द न् शब्द पाठ. पहिल्या गाण्यापासून माइक लोकांकडे. आठशे माणसं बेसूर, मनापासून गात होती आणि दोघं दिग्गज निवांत उभे होते. कानसेनने दोन गळे ऐकायचे म्हणून कान राखून ठेवला होता. त्यात हॉल शिरत होता.

मग सातवं आलं. लोकांना एकदम चहा आठवला, फोन आठवले. अर्धा हॉल उठला. स्टेजवर सवयीने दोन हात माइक घेऊन पुढे झाले. समोरून कुणी खोकलं फक्त. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने थोरल्याकडे, आणि माइक परत तोंडाशी आले. इलाजच नव्हता, गावं लागलं. थोरल्याचा खरखरीत खालचा सूर, धाकट्याचा झिजलेला, बारीक वरचा. पहिल्या कडव्यात एकमेकांच्या पायात आले, दुसऱ्यात वाट सापडली, तिसऱ्यात कुठला सूर कुणाचा ते कळेनासं झालं. कानसेन खुर्चीत तिरका बसला, उजवा कान स्टेजकडे करून. मिक्सरला त्याने हातही लावला नाही. टाळ्या औषधापुरत्या पडल्या.

कार्यक्रम संपला तसे दोघं गळ्यात टॉवेल टाकून, फुललेल्या चेहऱ्यांनी मिक्सरपाशी आले.

"वेडा झाला रे हॉल! शेवटची ओळ ऐकलीस ना?"

"पण ते सातवं! तरी सांगत होतो. रंगात आलेली माणसं चहाला पळवलीस."

"नाहीतर काय! पुढच्या वेळी ते गाळायचं. खरं सांग, काय मिळालं तुला त्यातून?"

कानसेनने शेवटची वायर अंगठा ते कोपर गुंडाळली, पेटीत ठेवली, कडी लावली.

"अरे, तुला विचारतोय. काय मिळालं?"

त्याने पेटी उचलली आणि 'कुलूप'चं तिसरं कडवं गुणगुणत बाजूच्या दाराने तो बाहेर पडला.