खुंटीवरचं दावं

खुंटीवरच्या दाव्याला अजून शेळीचा वास येतो. अंतराळात पाठवायच्या प्राण्यांची धडधड दुरून कळावी, म्हणून कातडीखाली बसवायचा बिनतारी सेन्सर बनवणाऱ्या एक बाई मुरबाडच्या बाजारात चाचणीसाठी शेळी शोधत आल्या होत्या. माझी लाडकी शेळी त्यांना पसंत पडली. "इकत नाय, महिनाभर देतो," मी बजावलं आणि शेळी दाव्यासकट दिली. आमच्या शेळ्यांच्या धंद्यात जनावर विकलं, तर दावं विकणाऱ्याकडे राहतं. दावं दिलं म्हणजे जनावर परत येणार. मध्ये एकदा बाईंनी व्हिडिओ कॉलवर शेळीच्या काळजाच्या ठोक्यांची रेघ दाखवली. मी "ये गो, ये" म्हटलं, तशी रेघ उसळली. "काका, तिनं ओळखलं तुम्हाला!" बाई हसल्या. महिन्यानं त्या किन्हवलीला घरी आल्या, एकट्याच. "शेळी आम्हाला ठेवायचीय, किंमत सांगा. आणि हे तुमचं दावं राहिलं होतं." त्यांना वाटलं, वस्तू परत केली. मला मात्र न केलेला सौदा पुरा झालेला दिसला. मी खूप भांडलो, पण आयुष्यभर भाव करणाऱ्या मला किंमत काही सांगता आली नाही. शेळी तिकडेच राहिली. राग अजून आहे. तरी कधीकधी दावं हातात घेऊन मी हळूच म्हणतो, "ये गो, ये." तिकडे रेघ उसळते का, कुणास ठाऊक.