पाठमोरं वाक्य

काशीराम तावडेला इंग्रजी येत नाही. शाळेत असताना त्याने आणि इंग्रजीने एकमेकांचा नाद सोडला तो कायमचा. तरीही परदेशातल्या एका मालिकेचे बावन्न भाग मराठीत आले, त्यातला एकही भाग काशीरामच्या पसंतीशिवाय पुढे गेला नाही. मालिकेच्या शेवटी जी नावं भराभर सरकत जातात त्यात त्याचं नाव नव्हतं. बोरिवली पूर्वेच्या आपल्या दोन खोल्यांत, बनियनवर, मांडीवर शेंगांची ताटली घेऊन त्याने हे काम केलं. शेंगा हेच त्याचं मानधन.

काम होतं ओठ बघायचं.

काशीराम मूळचा कणकवलीकडचा. अठराव्या वर्षी तो परळच्या गिरणीत साचेखात्यात लागला. साचा म्हणजे माग. असे तीन-चारशे साचे एका छपराखाली खडखडत असले की शेजारच्या माणसाने कानात तोंड घालून बोंब मारली तरी काही कळत नाही. म्हणून तिथली माणसं बोंब मारतच नसत. नुसते ओठ हलवून बोलत, अगदी सावकाश, एकेक अक्षर दिसेल असं. साचेवाले चार ओळी पलीकडच्या दोस्ताशी असे घरगुती गप्पा मारत, भांडत, सिनेमाची गोष्टही सांगत. काशीरामने तिथे वीस वर्षं काढली. गिरणीने त्याचा डावा कान पुरता घेतला, उजवा अर्धा घेतला आणि बदल्यात ही विद्या दिली. नंतर मरोळच्या एका कारखान्यात तो खोकी भरायला जाई, तिथेही साहेब काचेच्या पलीकडे कुणाबद्दल काय बोलतोय हे सगळ्यांना काशीरामकडून कळे. साहेबाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

त्याची बायको प्रेमा अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत टायपिस्ट म्हणून लागली होती. दुसऱ्यांचे संवाद टाइप करता करता ती त्यातलं मोडकं मराठी गुपचूप सरळ करू लागली. दोन वर्षांनी कुणाच्या तरी हे लक्षात आलं आणि तिलाच लिहायला बसवलं. डबिंगच्या संवादांचं एक दुखणं असतं. अर्थ बरोबर असून भागत नाही, ते पडद्यावरच्या माणसाच्या तोंडात बसावे लागतात. त्याचे ओठ मिटले तर तिथे प, ब, म असलं काहीतरी हवं. प्रेमा आरशासमोर उभी राहून वाक्यं म्हणून बघायची. एक दिवस मागून, पडद्यावरच्या बाईकडे बघत काशीराम म्हणाला, "ती 'म' म्हणूक नाय. तुझा 'मग' थंय बसणा नाय." प्रेमाने चित्र मागे नेऊन पाहिलं. खरंच बसत नव्हतं. त्या दिवसापासून नवरा कामाला लागला.

मालिकेचं नाव होतं 'पलीकडचं दार'. नोरा नावाच्या बाईचा नवरा एडन एका प्रयोगात हरवतो. कुठे, तर आपल्या जगाला लागून असलेल्या दुसऱ्या जगात. तिथे हीच माणसं, हीच शहरं, फक्त एखादी गोष्ट वेगळी घडलेली. नोरा दार उघडून एकामागून एक जगात जाते. प्रत्येक जगात एडन भेटतो, पण एकात तो न्यायाधीश असतो, एकात पाव भाजत असतो, एकात तिचा द्वेष करत असतो. बहुतेक जगांत तो तिला ओळखतच नाही. चॅनलवाल्यांना 'समांतर विश्व' हा शब्द हवा होता. प्रेमाने तो एकदा वापरून त्यांचं समाधान केलं आणि पुढे सगळीकडे 'पलीकडे' लिहिलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. इंग्रजीत नवऱ्याला, न्यायाधीशाला आणि कुत्र्याला एकच सर्वनाम. मराठीत नोरा एडनला काय म्हणणार? न्यायाधीशाला तू म्हटलं तर ती थेट तुरुंगात जायची. नवऱ्याला तुम्ही म्हटलं तर मग ती नोरा कसली? प्रेमाने एक वही केली. कुठल्या जगात कोण कुणाला तू म्हणतो, कोण तुम्ही, आणि कुठल्या वाक्याला तुम्हीचं तू होतं. डबिंगचा दिग्दर्शक निलेश तिच्या लेकीच्या वयाचा. तो म्हणाला, "काकू, सगळीकडे तू टाका ना, झकास जाईल." काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पुन्हा हा विषय काढला नाही.

तालीम घरीच चाले. टीव्हीचा आवाज बंद. नोराची वाक्यं प्रेमा म्हणायची, एडनची काशीराम. त्याचा एडन थोडा मालवणी होता, पण भावना अस्सल. "कुठे होतास तू? किती शोधलं तुला!" प्रेमा म्हणायची आणि काशीराम नोराचे ओठ बघायचं सोडून प्रेमाचे बघत बसायचा.

कारण पस्तीस वर्षांच्या संसारात प्रेमाने त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तिला सांगितलं होतं, आपण दोघंच असलो की नावाने हाक मार, तू म्हण. ती लाजून लाल झाली. "जीभच वळत नाही हो," म्हणाली. "सवय करते, मग म्हणेन." मग सासू होती, मग चाळ होती, मग लेक मोठी झाली, आणि 'अहो' घट्ट होऊन बसलं. लेक श्वेता आपल्या नवऱ्याला दिवसभर 'ए सिद्धेश, ऐक ना रे' करायची, तेव्हा काशीराम कौतुकाने बघायचा आणि जरा जळायचाही. माणसाला हेवा कशाचा वाटेल याचा नेम नाही. कुणाला बंगल्याचा वाटतो, याला एका 'रे'चा वाटत होता.

"नोरा बघ कशी तू म्हणते," तो एकदा शेंग फोडत म्हणाला.

"त्यांच्यात म्हणतात."

"आणि आपल्यात कधी?"

"चला, पुढचं वाक्य घ्या," प्रेमा म्हणाली. "तुमचे ओठ इथे मिटायला हवेत."

अशातच उजवा कान कुरकुरू लागला. डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि कागदावरची खाली घसरलेली रेघ दाखवली. अजून वर्षभर काहीतरी ऐकू येईल, म्हणाले, मग तेही नाही. यंत्र लावून पाहिलं, तर भांड्यांचा आवाज वाढला, माणसांचा वाढला नाही. काशीरामने ते काढून डबीत ठेवलं. घरात सगळे गंभीर झाले, तोच समजूत घालत हिंडत होता. "ओठ आसत ना! पलीकडच्या एखाद्या दुनियेत माझे कान शाबूत असतील, पण मग तिथे तुझ्या तोंडाकडे बघणार कोण?" प्रेमा हसली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

बोलताना तो कणखर, पण मनातून त्याला एकच गोष्ट खात होती. तिने तू म्हटलेलं ओठांवर बघता येईल हे खरं, पण ते एकदा कानाने ऐकायचं होतं, प्रेमाच्या आवाजात. नोराचं उसनं नको होतं. मागायचं तर पहिल्या वर्षीच मागून झालं होतं. हट्टाने काढून घेतलेल्या 'तू'ला काय चव? म्हणून तो गप्प राहिला आणि रोज तिच्या ओठांकडे बघत राहिला.

शेवटच्या भागात एक वाक्य असं होतं की त्याला काशीरामची गरजच नव्हती. पाठमोरा शॉट. डबिंगवाल्यांना पाठमोरा शॉट म्हणजे सणच, ओठच दिसत नाहीत तर जुळवायचं काय? काशीरामला मात्र पाठमोरं माणूस आवडत नसे. त्याच्या हिशेबी ते मुकं माणूस. एडन एका जगात सुखाने नांदतोय, तिला ओळखत नाही, दार मिटायला आलंय. नोरा त्याच्याकडे पाठ करून उभी राहते, काहीतरी बोलते आणि दारातून निघून जाते. वाऱ्याच्या आवाजात एडनला ते ऐकू येत नाही. मूळ इंग्रजी वाक्य तीनच शब्दांचं, शेंबड्या पोरालाही येतं ते.

प्रेमाने त्याचं काय केलं ते तिने घरी दाखवलं नाही. स्टुडिओत निलेशने कागद वाचून डोक्याला हात लावला.

"काकू, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', इतकं सोपं आहे. तुम्ही हे काय लिहिलंय?"

"आमच्यात असं म्हणत नाहीत."

"आमच्यात म्हणजे कुणात?"

"मराठीत," प्रेमा म्हणाली.

निलेशने नोराचा आवाज देणाऱ्या नीलमला ते म्हणायला लावलं, हरकत घेण्याच्या इराद्यानेच. ते ऐकल्यावर त्याने काचेमागे हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "राहू द्या."

शेवटचा भाग रविवारी दुपारी होता. श्वेता आणि सात वर्षांची नात निधी सकाळीच आल्या होत्या. काशीराम नेहमीच्या जागी, टीव्हीपासून चार हातांवर. प्रेमा मध्येच उठून आमटीला फोडणी द्यायला गेली. आपलं लिहिलेलं ऐकायला तिला नको वाटतं, असं ती म्हणाली.

पाठमोरा शॉट आला. नोराचे खांदे किंचित हलले. दार मिटलं. पदर नव्हता म्हणून श्वेताने डोळ्यांना ओढणी लावली.

"काय म्हणाली ती?" काशीरामने विचारलं.

निधी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आबांशी कसं बोलायचं हे तिला जन्मापासून ठाऊक. ओठ मोठे मोठे करत ती म्हणाली, "ती म्हणाली, 'वेळेवर जेवत जा रे, वेड्या.'"

"असं म्हणाली?"

"हो. आजी तुला रोज म्हणते ना, तस्संच!"

"आजी माझ्याशी असं बोलत नाही, बाळा. आजी मला अहो म्हणते."

"ते समोर," निधी म्हणाली. मोठ्या माणसांना इतकंही कळत नाही याचं तिला नवल वाटत होतं. "गॅसकडे तोंड असलं ना की तू म्हणते. 'काशीराम, तू ना अगदी हट्टी आहेस रे.' 'तुझा चहा गार होतोय रे, वेड्या.' मग वळते आणि 'अहो, चहा घ्या' म्हणते. तुला ऐकू येत नाही ना, म्हणून."

काशीरामने श्वेताकडे पाहिलं.

"मी लहान होते तेव्हापासून, बाबा," श्वेता म्हणाली. "मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे."

काशीरामने मांडीवरची ताटली खाली ठेवली. त्याला आनंद झाला हे खरं, पण त्याआधी राग आला. आपल्याच घरात, त्याच्यापासून दहा पावलांवर आणखी एक घर नांदत होतं. त्या घरातला काशीराम रोज आपल्या नावाची हाक ऐकत होता, शिव्या खात होता, वेडा ठरत होता. आणि हा इकडे पस्तीस वर्षं ओठांकडे डोळे लावून बसलेला. उजवा कान धड होता त्या दिवसांत नुसता उठून दारापर्यंत गेला असता, तरी ऐकू आलं असतं.

तो उठला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. प्रेमा गॅसकडे तोंड करून आमटी ढवळत होती. तिचा अंबाडा हलत होता, मान किंचित डुलत होती. बोलत होती बाई. त्याला फक्त फोडणीचा तडतडाट ऐकू आला, तोही लांबून.

"गो," तो म्हणाला. "वळ जरा."

ती वळली. त्याचा चेहरा बघितल्याबरोबर तिला सगळं कळलं. पळी हातातच राहिली. "निधीने सांगितलं वाटतं," ती म्हणाली.

"इतकी वर्षं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, नावाने हाक मार. समोर जीभ वळेना. म्हटलं, आधी पाठमोरी सवय करू, जमलं की समोर म्हणू." तिने पदराने तोंड पुसलं. "जमलं तर पहिल्या महिन्यातच होतं. मग वाटलं, आता समोर म्हटलं तर हसाल."

"पस्तीस वर्षं सराव केलास?"

"हसताय ना! म्हणूनच नाही म्हटलं."

तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "काय काय बोललीस एवढ्या वर्षांत?"

"आता सगळं कसं आठवणार?"

"माझं ऐकायचं राहिलं ना गो," काशीराम म्हणाला. "कान होते तेव्हाचं."

प्रेमाने पळी ठेवली. तिने गॅस बंद केला. स्टूल ओढून त्याच्यासमोर टेकली, इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला. बाहेरच्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. मग त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली, आणि मागे सरून, त्याच्या डोळ्यांत बघत, साचेखात्यात बोलत तसं एकेक अक्षर सुटं करून तेच पुन्हा म्हणाली. सुरुवात 'काशीराम'ने होती. पुढे 'तू' होतं, ओठांचा छोटासा चंबू झालेला. त्यापुढचं वाक्य त्या दोघांचं.

चारशे साच्यांच्या खडखडाटात चार ओळी पलीकडचं बोलणं अचूक वाचणारा काशीराम तावडे आयुष्यात पहिल्यांदाच ओठांच्या बाबतीत धडधडीत खोटं बोलला.

"नीट दिसलं नाही गो," तो म्हणाला. "परत म्हण."