काचेवरचं बोट

लॅपटॉपची काच पुसताना लक्षात आलं, तिच्यावर बोटाचा एकही डाग नाही, नुसती धूळ आहे. आमच्या जुन्या कॉम्प्युटरची काच कायम बरबटलेली असायची. माउस माझ्या हातात आणि शेजारी बसलेल्या ताईचं बोट काचेवर. "अगं, त्या फुलदाणीवर क्लिक कर. किल्ली तिथेच असणार!" कोडी सोडवत सुटायचा खेळ होता तो; त्यातल्या बंद दीपगृहातून बाहेर पडायला आम्हाला अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली. खेळण्यापेक्षा अडकून बसणंच जास्त. जेवतानासुद्धा तेच बोलणं.

काल तोच खेळ पुन्हा मिळाला. तेच दार, तीच फुलदाणी, दिसेल त्यावर क्लिक करत फिरायचं. दहा मिनिटांत कंटाळले. असले खेळ आता शिळे झाले म्हणतात, ते मलाही पटलं. नेटवरची उत्तरं बघत तासाभरात संपवून टाकला आणि कितीतरी महिन्यांनी ताईला फोन लावला.

खेळाचं नाव काढताच तिचा आवाज एकदम खुलला. "कुठे अडकलीस?"

"कुठेच नाही गं. संपवला. नेटवर असतात सगळी उत्तरं."



"मग मला फोन कशाला केलास?"