आक्कांना एवढं कशाला हवं असतं?

सोनगीरला भाड्याच्या घरात सामान लावून झालं नव्हतं, तोच मागच्या दारातून एक बाई आत आली. हाक नाही, कडी वाजवणं नाही. सरळ स्वयंपाकघरात येऊन तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं, वाकून बघितलं आणि पाठमोऱ्या नूतनच्या खांद्यावर थाप मारली.

"काय रांधं वं आज?"

नूतन दचकून इतकी वळली, की हातातली पळी खाली पडली. बाईनं पळी उचलून दिली, वरणात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "मीठ कमी शे."

ही झुंबर आक्का. तिच्या घराचं मागचं अंगण आणि नूतनचं मागचं अंगण यांच्यात कमरेएवढी भिंत होती आणि ती भिंतही एका जागी ढासळलेली. आक्काचं पुढचं दार मात्र पलीकडं, तांबटांच्या गल्लीत उघडायचं. सोनगीरची तांब्यापितळेची भांडी मोठी नावाजलेली. आता हातानं घडवणारे थोडेच राहिले, पण त्या बाजूनं अजून ठोकाठोक ऐकू यायची. आक्काचे यजमान, शालिग्राम नाना, जन्मभर तेच काम करून आता घरी बसले होते. नूतनला ते कधीतरी अंगणात पाठमोरे दिसत. एकदोनदा तिनं "नाना, नमस्कार" म्हटलं, पण त्यांनी मान वळवली नाही. शिष्ट आहे म्हातारा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

नूतन जळगावात वाढलेली. तिथं फ्लॅटची दारं बंद असायची आणि शेजारीण बेल वाजवून वाटी परत करायची. नवरा योगराज महामार्गावरच्या टोलनाक्यावर कामाला होता, म्हणून हे बिऱ्हाड. तो पाळीवर गेला, की नूतन लाकडी चौकटीवर कापड ताणून आरीच्या सुईनं भरतकाम करायची. धुळ्याच्या दुकानातून ब्लाउजच्या ऑर्डरी यायच्या. ते काम नजरेचं. आणि नेमकी नजर टाक्यावर स्थिरावली, की खांद्यावर थाप पडायची.

आक्का बोलायची ती अंगणापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी, पण उभी राहायची नाकाला नाक लावून. ती कपाट उघडायची. वाळत घातलेल्या साड्यांचा पोत बोटांनी चाचपायची. "ही कोनी दिधी? केवढानी?" फोन वाजला, की पडद्यावरचं नाव वाचायची. नूतननं मागच्या दाराला आतून कडी लावून बघितली. आक्का खिडकीशी येऊन उभी राहिली आणि कडी निघेपर्यंत तिथून हलली नाही.

"सांगून टाक ना तोंडावर," योगराज म्हणायचा.

"सांगितलं. म्हटलं, आक्का, आत्ता काम चाललंय, नंतर या. तर म्हणाल्या, कर ना, मी कोठे तुले अडाई राहिनू? आणि चौकटीपाशी बसूनच राहिल्या."

योगराजला हसू यायचं. नूतनला राग यायचा. पण रागाच्या पोटात हळूहळू एक कोडं तयार होत गेलं. चोंबड्या बायका तिनं जळगावातही बघितल्या होत्या. त्या इकडचं घेतात आणि तिकडं देतात, तोच त्यांचा व्यवहार. आक्का मात्र घेत होती सगळं आणि देत काहीच नव्हती. अमक्याची सून भांडली, तमक्याकडं पाहुणे आले, असलं अवाक्षर तिनं कधी नूतनपाशी काढलं नाही. नूतननं एकदा मुद्दाम खडा टाकून पाहिला, "समोरच्यांच्या घरी काल कसली गडबड होती हो?" आक्का म्हणाली, "लोकेसन्या गोष्टी कसाले?" आणि उठून डब्यात काय आहे ते बघायला गेली.

मग हे सगळं जातं कुठं? भाजीत शेंगदाण्याचा कूट घातला की तीळ, धाग्याचा रंग मोरपिशी की हिरवा, एवढं बारीकसारीक या बाईला कशाला हवं असतं?

अशातच नूतनला दिवस राहिले. आधीच्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं आणि जळगावभर वाटलेले पेढे नंतर घशात अडकले होते. म्हणून या वेळी दोघांनी ठरवलं, डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत कुणाला, अगदी माहेरीसुद्धा, कळवायचं नाही. पण आक्कापुढं कसलं लपतंय! मोरीत ओकाऱ्या काढणाऱ्या नूतनच्या पाठीवर मागून हात फिरला, आणि ती तोंड पुसून वळते तो आक्का फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघत होती.

"कोनता महिना शे?"

नूतनच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आक्का, हात जोडते. हे कुणाला सांगू नका. मागच्या वेळी..."

आक्कानं गळ्याला चिमटा घेतला. "मना गळानी आन. कोनले सांगाव नही."

दोनच दिवसांनी नूतन कमलबाईच्या किराणा दुकानात साखर आणायला गेली. कमलबाईनं साखर बांधली आणि न मागता वर आवळासुपारीची पुडी ठेवली. "उलटी व्हयनी का तोंडात धरत जाय. आणि जड उचलू नको, माय."

नूतन गार पडली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी सांगं नही," कमलबाई शांतपणे म्हणाली. "देखं."

पाहिलं म्हणजे काय पाहिलं? अजून पोट दिसायचे दिवस नव्हते. नूतन घरी आली, साखर तशीच ओट्यावर टाकली आणि ठरवलं, आज या बाईचा सोक्षमोक्ष. पण भिंतीच्या खिंडारातून जायचं तिच्या जिवावर आलं. आपण रीतसर पुढच्या दारानं जायचं, म्हणून ती वळसा घालून तांबटांच्या गल्लीत शिरली. इतक्या महिन्यांत ती या बाजूनं पहिल्यांदाच आली होती.

कोपऱ्यावर येताच ती थांबली.

आक्का आणि नाना घरासमोरच्या ओट्यावर समोरासमोर बसले होते. दोघांच्या तोंडून आवाज कसलाच नव्हता. आक्काचे हात मात्र नुसते उडत होते. भुवया, खांदे, मान, सगळी आक्का बोलत होती. तिनं चिमटीत काहीतरी धरून खालीवर, खालीवर भराभर टोचलं आणि नूतननं ओळखलं. ही आरीची सुई. हे माझं नाव! मग आक्कानं पोटावरून हात फिरवला, तोंडाशी मूठ नेऊन ओकारीची नक्कल केली, आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर असे अलगद ठेवले, जसं काही आत पाखराचं पिल्लू आहे. नानांनी काहीतरी विचारलं. आक्कानं उत्तर दिलं. नानांनी पुन्हा विचारलं. त्यांचा चेहरा इतका जिवंत होता, की हाच तो शिष्ट म्हातारा यावर नूतनचा विश्वास बसेना. नाना बहिरे होते. आणि हे तिला आज कळत होतं.

मग तिची नजर समोर गेली. कमलबाईच्या दुकानाला दुसरं दार होतं, ते याच गल्लीत उघडत होतं. कमलबाई डाळीचं माप हातात तसंच धरून ओट्याकडं बघत होती. शेजारच्या पडवीत तांब्याच्या हंड्याला कल्हई लावणारा चिंधा कारागीरही हात थांबवून बघत होता. पिक्चर बघावा तसे.

नूतन कमलबाईजवळ गेली. "तुम्हाला हे समजतं?"

"बठ्ठी गल्लीले समजस," कमलबाई म्हणाली. "फक्त झुंबरले माहीत नही."

नूतनचा राग होता तिथंच होता, पण त्याचं तोंड आता कुठं वळवावं हे तिला कळेना. ती ओट्यापाशी गेली. आक्का दचकून उठली, तिला हाताला धरून घरात घेऊन गेली.

"तुम्ही गळ्याची शपथ घेतली होती, आक्का."

"मी कोनले सांगं?" आक्का खरोखर गोंधळली होती. तिनं बाहेर नानांकडं बोट दाखवलं. "फक्त त्यासले. त्या कोनले सांगतीन?"

"तुमचे हात सगळी गल्ली वाचते."

आक्का आधी हसली. कामापुरते हातवारे गल्लीत सगळेच करत. एवढ्या ठोकाठोकीत दुसरं काय करणार? पण नानांशी ती बोलायची ती भाषा वेगळी, दोघांनी मिळून घरात जुळवलेली, असा तिचा पक्का समज. मग नूतननं ते पाखराच्या पिल्लाचे तळवे तिला करून दाखवले. आक्काचं हसू मावळलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या नानांना तिनं हातानं काहीतरी खरमरीत विचारलं. नानांनी छातीवर बोट ठेवलं आणि गल्लीकडं हात केला.

त्यांनीच शिकवलं होतं. आक्का लोकांच्या घरोघरी फिरायची, तेव्हा रिकाम्या दुपारी ओट्यावर बसून एकेक शब्द त्यांनी कमलबाईला दिला, चिंध्याला दिला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिला. त्यांनाही बायकोखेरीज कुणाशी तरी बोलायचं होतं.

इतक्या वर्षांत ओट्यावर काय काय बोलून झालं असेल! सासूची गाऱ्हाणी, पोटच्या लेकाची दारू, नवराबायकोची थट्टा. सगळं उघड्यावर. आक्कानं पदरात तोंड लपवलं. नूतन परत आली.

त्यानंतर आक्का आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. नूतनच्या चौकटीवर काम झरझर उरकू लागलं. "मिळाली ना शांतता?" योगराजनं विचारलं. मिळाली होती. पण सुई चालता चालता तिचे कान भिंतीकडं लागायचे. पलीकडं भांडं वाजत नव्हतं. आक्का आजारी आहे का? दोघं बोलत तरी आहेत का? शेवटी एका सकाळी तिनं चौकट बाजूला सारली, खिंडारातून पलीकडं उतरली आणि उघड्या दारातून आत गेली.

आक्का मेथी निवडत होती. ती जोरात दचकली. "आवाज त देवाना व्हता!"

नूतननं तिच्याकडं नुसतं बघितलं. आक्काला ते उमगलं आणि ती खुदकन हसली. मग मेथीच्या जुड्या दोघींच्या मध्ये ठेवून ती बोलायला लागली. पहिल्यांदाच हळू आवाजात.

तिचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. घरात पाहुणे होते, कुणीतरी काहीतरी विनोद केला आणि सगळं घर हसलं. नानांनी आईला खुणेनं विचारलं, काय झालं? आईनं हात झटकला. काही नाही. भावाला विचारलं. त्यानंही हात झटकला. काही नाही. लहानपणापासून त्या माणसाच्या वाट्याला हेच आलं होतं. लोक भांडले, रडले, हसले, कुणी गेलं, कुणी जन्मलं, आणि त्यांनी विचारलं, की काही नाही. नवी नवरी ते कोपऱ्यातून बघत होती. तिनं त्याच दिवशी मनाशी घेतलं, की हा माणूस मला विचारेल तेव्हा मी काही नाही म्हणणार नाही.

"आणि त्या इचारतस बी कितलं! भाजी म्हतलं का, कोनती? कूट म्हतलं का, कसाना? लुगडं म्हतलं का, काठ कसा?" आक्कानं हात जोडले. "मी काय करू? देखाले नको जाऊ?"

नूतन मेथी निवडत राहिली. कोडं सुटलं होतं. पण सुटलं म्हणून खांद्यावरच्या थापा गोड लागणार होत्या, असं नाही. तिनं तेही सांगितलं. "आक्का, तुम्ही या. पण आवाज देऊन. आणि माझ्या अंगाची गोष्ट मी म्हणेन तेव्हाच बाहेर जाईल. नानांनासुद्धा तेव्हाच."

आक्काचा चेहरा पडला. "मंग त्यासनी इचारं त? काही नही म्हनू?"

"तसं नका म्हणू. 'नंतर' असं काही नाही का तुमच्या हातांत?"

होतं. मूठ मिटून ती छातीशी हळूच ठेवायची. म्हणजे गोष्ट आहे, जपून ठेवली आहे, देईन. आक्कानं ते नूतनकडून दोनतीनदा करून घेतलं आणि मनगट जरा तिरकं करायला लावलं.

पुढं सगळंच सुतासारखं सरळ झालं, असं नाही. आक्का "येऊ का वं?" असं ओरडायची आणि उत्तराआधीच आत असायची. पण नूतननं मूठ छातीशी नेली, की जागच्या जागी थबकायची. शब्दांनी न अडणारी बाई त्या मुठीपुढं निमूट मागं फिरायची. नानांशी मात्र ती बरेच दिवस रुसून होती. मग पुन्हा ओट्यावर बसायला लागली, आणि गल्लीबद्दल काही तिखट सांगायचं असलं, की त्यांना घरात घेऊन जायची.

धुळ्याच्या दवाखान्यात नूतनला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी आक्का आणि नाना बसनं आले. आक्का दाराबाहेरच थांबली आणि तिनं नानांना पुढं ढकललं. आज ती बातमी देणार नव्हती. नूतननं उशीला टेकून, चुकतमाकत, एवढ्या महिन्यांत शिकलेल्या खुणांनी सांगितलं: मुलगी, पहाटे झाली, खूप रडली, आता झोपली आहे. नाना मान डोलवत राहिले. मग त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, बाही वर सारली आणि विचारायला सुरुवात केली. केस किती आहेत? कुणावर गेली? रडते तेव्हा हनुवटी थरथरते का? नूतननं बाळाच्या तोंडावरचं फडकं जरा बाजूला केलं आणि सांगायला लागली.